व्हिडिओ कॅसेटसाठी ड्राय कॅबिनेट: बडोद्याच्या हवेत कितपत उपयोगी?

लेन्सला बुरशी लागू नये म्हणून फोटोग्राफर मंडळी काचेच्या दाराची, विजेवर चालणारी एक पेटी वापरतात. तिला ड्राय कॅबिनेट म्हणतात. हीच पेटी घरच्या व्हिडिओ कॅसेटींसाठी घ्यावी का, असं बडोद्यात अलीकडे बरेच जण विचारतात. प्रश्न रास्त आहे. दांडिया बाजार, रावपुरा, वाडी या भागांतल्या कितीतरी मराठी घरांत लग्न, मुंज, बारसं, गणपती यांच्या व्हीएचएस कॅसेटी अजून कपाटात पडून आहेत, आणि दर पावसाळ्यात त्यांतल्या काही हातच्या जातात. हा आढावा ३० लिटरच्या, पेल्टियर जातीच्या, म्हणजे विजेने गार होणाऱ्या प्लेटवर ओलावा धरणाऱ्या पेटीचा आहे. आतलं यंत्र जवळजवळ तेच आणि वर नाव वेगळं, अशा पेट्या बाजारात अनेक आहेत. त्यामुळे कंपनीपेक्षा पेटी कशी वापरायची यावरच भर दिला आहे.

निकाल आधीच सांगतो. बुरशी थोपवण्यासाठी ही पेटी चांगली आहे आणि वीसेक कॅसेटी असतील तर घ्यावी. मात्र उन्हाळ्याच्या उष्म्यावर ती काहीच करत नाही, लागलेली बुरशी काढत नाही आणि भिजलेली कॅसेट वाचवत नाही. शिवाय कॅसेट आत ठेवण्याआधी तिच्यावर थोडं काम करावं लागतं. ते टाळलं तर पेटीचे पैसे फुकट गेले म्हणून समजा.

दमट हवेचा टेपला त्रास का होतो, ते आधी पाहू. व्हीएचएसची टेप १२.७ मिलिमीटर रुंद असते आणि १८० मिनिटांच्या कॅसेटमध्ये ती अडीचशे मीटरहून जास्त भरते. पॉलिएस्टरची पातळ पट्टी, तिच्यावर लोहाच्या ऑक्साइडचे बारीक कण, आणि ते धरून ठेवणारा पॉलियुरेथेनचा थर अशी तिची बांधणी असते. चित्र आणि आवाज त्या कणांत असतात, पण जपायचा असतो तो धरून ठेवणारा थर. हवेतलं पाणी त्यात मुरत गेलं की तो हळूहळू तुटतो, चिकट होतो आणि टेप चालवताना मशीनच्या हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर, उतरतो. हा एक रोग. दुसरा बुरशीचा. हवेतली आर्द्रता बराच काळ ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी रुजायला लागते. टेपचा थर, धूळ, बोटांचा तेलकटपणा, सगळं तिला खायला चालतं. बडोद्यात जूनअखेरपासून सप्टेंबरपर्यंत सरासरी आर्द्रता आठवडेच्या आठवडे ७० टक्क्यांच्या खाली येत नाही. बंद कपाटात, भिंतीला ओल असेल तर, आणखी वाईट.

पेल्टियर पेटीत कॉम्प्रेसर नसतो. मागच्या बाजूला एक लहान प्लेट असते. वीज दिली की तिची एक बाजू गार होते आणि दुसरी गरम. आतल्या हवेतली वाफ गार बाजूवर जमते, वातीसारख्या पट्टीतून बाहेर ओढली जाते आणि गरम बाजूवर उडून जाते. आवाज अजिबात नाही आणि वीज अगदी कमी, साध्या रात्रीच्या दिव्याच्या आसपास. दुसऱ्या जातीच्या पेटीत ओलावा शोषणारे दाणे असतात. मधूनमधून हीटर त्यांना तापवतो, बाहेरची झडप उघडते आणि पाणी बाहेर टाकलं जातं. ती महाग असते, पण थंड हवेत जास्त भरवशाची. थंडीत पेल्टियरचा जोर कमी पडतो. बडोद्याला हे अडचणीचं नाही, कारण इथे थंडीतली हवा मुळातच कोरडी असते आणि पेटीची खरी गरज असते त्या दिवसांत हवा उबदार असते. म्हणून इथे स्वस्तातली पेल्टियर पेटी पुरते. महाबळेश्वरला राहणाऱ्याला आम्ही ती घ्यायला सांगितलं नसतं.

आता मापं. दुकानदार लिटरमध्ये बोलतो आणि लिटरचा आकडा कॅसेटच्या बाबतीत फसवतो. प्लास्टिकच्या केसमधली व्हीएचएस कॅसेट उभी ठेवली तर तिला साधारण २१ सेंटिमीटर उंची, साडेबारा सेंटिमीटर खोली आणि ३ सेंटिमीटर जाडी लागते. आतली रुंदी ३० सेंटिमीटर असेल तर एका ओळीत ९ ते १० कॅसेटी मावतात. खोली २८ सेंटिमीटरच्या वर असेल तर मागे आणखी एक ओळ. उंचीत दोन मजले हवे असतील तर आतून ४२ सेंटिमीटरच्या वर जागा लागते आणि ३० लिटरच्या पेटीत ती सहसा नसते. म्हणजे खाली १८ ते २० व्हीएचएस, आणि वरच्या कप्प्यात हाय-एट आणि मिनीडीव्ही या व्हिडिओ कॅमेऱ्याच्या लहान कॅसेटी. मिनीडीव्हीची कॅसेट साडेसहा सेंटिमीटर लांब, पावणेपाच रुंद आणि बारा मिलिमीटर जाड, त्यामुळे तिथे त्या भरपूर बसतात. मोजपट्टी घेऊन दुकानात जा आणि पेटी आतून मोजा. मागच्या यंत्रापुढे दोन बोटं जागा मोकळी सोडावी लागते, तीही धरा. तिथे कॅसेट चिकटवून ठेवली तर हवा फिरत नाही, यंत्राजवळ कोरडं आणि दारापाशी दमट अशी स्थिती होते.

लेन्ससाठी बनवलेल्या या पेटीतल्या दोन गोष्टी कॅसेटला मारक आहेत आणि माहितीपत्रकात त्यांचा उल्लेख नसतो. पहिली म्हणजे कप्प्यातला स्पंज. लेन्सला ओरखडा पडू नये म्हणून काही पेट्यांत फोमची गादी देतात. हा फोम काही वर्षांत चुरायला लागतो आणि त्याची चिकट पूड कॅसेटच्या झडपेतून आत शिरते. पेटी आणली की पहिल्या दिवशी तो काढून टाका. दुसरी गोष्ट दाराची रबरी पट्टी. फ्रिजसारखं दार घट्ट बसावं म्हणून बऱ्याच पेट्यांत त्या पट्टीत चुंबक असतो. एक टाचणी पट्टीला लावून पाहा, चिकटली तर चुंबक आहे. घाबरून पेटी परत करायचं कारण नाही. असल्या पट्टीचा जोर अंतराबरोबर फार झपाट्याने ओसरतो. पट्टीपासून ५ सेंटिमीटर आत सगळ्यात पुढची कॅसेट ठेवली की झालं. तिथे एक लाकडी पट्टी आडवी लावून ठेवा, म्हणजे घरातलं कोणीही कॅसेट पुढे सरकवणार नाही. स्पीकर मात्र पेटीवर ठेवू नका. मोठ्या स्पीकरचा चुंबक वेगळ्या ताकदीचा असतो.

दारावरच्या आकड्यावर लगेच विश्वास ठेवू नका. स्वस्त पेटीचा आतला मापक आणि खरी आर्द्रता यांत ५ ते ८ टक्क्यांचा फरक सहज असतो. तपासायची रीत घरगुती आहे. वेगळा एक लहान डिजिटल हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रतामापक, घ्या. बाटलीच्या झाकणात साधं मीठ भरा आणि थेंब थेंब पाणी टाका. मीठ विरघळता कामा नये, ओल्या वाळूसारखं झालं पाहिजे. हे झाकण आणि हायग्रोमीटर झिपच्या पिशवीत किंवा घट्ट डब्यात बंद करून दहा-बारा तास एका जागी ठेवा. आत बरोबर ७५ टक्के आर्द्रता तयार होते. हायग्रोमीटर ७० दाखवत असेल तर तो ५ ने कमी दाखवतो, हे त्याच्या पाठीवर लिहून ठेवा. मग तोच हायग्रोमीटर पेटीत, यंत्रापासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात ठेवा. पेटीच्या आकड्याकडे दुर्लक्ष करून यापुढे त्याच्याकडेच पाहायचं.

आर्द्रता किती ठेवायची? ४० टक्के. ३५ ते ४५ च्या दरम्यान राहिली तरी चालेल. जितकं कोरडं तितकं चांगलं, ही समजूत टेपच्या बाबतीत खरी नाही. २० टक्क्यांच्या खाली गेलं की टेपवर स्थिर वीज साठते आणि ती धूळ ओढते. दमट कपाटातून काढलेल्या कॅसेटी थेट ४० वर लावलेल्या पेटीत घालणंही बरं नाही. पॉलिएस्टर आणि वरचा थर ओलाव्याबरोबर वेगवेगळे आक्रसतात आणि रिळावरच्या वेढ्यांवर ताण येतो. म्हणून आधी ५५ वर लावा, आठवड्याने ४८, आणि त्यानंतर ४०. या पहिल्या आठवड्यांत आकडा हटून बसतो, खाली येत नाही, आणि पुष्कळ लोक पेटी बिघडली म्हणून दुकानात जातात. पेटी बिघडलेली नसते. ३० अंशाच्या दमट हवेत ३० लिटर पोकळीत एक ग्रॅमसुद्धा पाणी नसतं, ते पेटी थोड्या वेळात काढते. खरं पाणी असतं पुठ्ठ्याच्या कव्हरांत, कागदी लेबलांत आणि रिळात, आणि तेच सावकाश बाहेर येत राहतं.

म्हणूनच पुठ्ठ्याची कव्हरं आत ठेवू नयेत. ती ओलावा धरतात, त्यांचा भुगा पडतो, आणि जुना पुठ्ठा आम्लधर्मी होतो. कव्हरावर काही हस्ताक्षर असेल, लग्नाची तारीख असेल, तर ते वेगळं जपा, पण कॅसेट पॉलिप्रॉपिलीनच्या कडक केसमध्ये घाला. मऊ, वास येणारं पीव्हीसी नको. डांबराच्या गोळ्या तर मुळीच नकोत, त्यांची वाफ काही प्लास्टिकना मऊ करते. कपड्यांच्या कपाटात शोभणारी कडुलिंबाची वाळलेली पानं, वेखंड, कापूर यांचंही तेच. त्यांचा चुरा टेपवर जायचा धोका आहे.

कॅसेट आत घालण्याआधीचं काम असं. प्रथम कॅसेटच्या पारदर्शक खिडकीतून उजेडात पाहा. रिळाची बाजू गुळगुळीत, आरशासारखी सपाट हवी. मध्येच काही वेढे वर आलेले दिसले तर टेप ढिली-घट्ट गुंडाळली गेली आहे. पांढरे किंवा राखाडी तंतू, ठिपके, पावडर दिसली तर ती बुरशी, आणि अशी कॅसेट बाजूला ठेवायची. मशीनमध्ये तर घालायचीच नाही. व्हीसीआरचा हेड बसवलेला ड्रम आपल्याकडच्या पाल या चित्रपद्धतीत मिनिटाला १५०० फेऱ्या घेतो. एका बुरशीच्या कॅसेटने हेड चोंदतं आणि त्याच मशीनमधून पुढच्या चांगल्या कॅसेटवर बुरशी जाते. चांगल्या कॅसेटला स्वच्छ मशीनमध्ये एकदा पूर्ण पुढे आणि मग पूर्ण मागे, मध्ये न थांबवता, फिरवायचं. मध्येच थांबवून ठेवलेल्या कॅसेटमध्ये टेपचा चित्र असलेला भाग उघडा राहतो आणि दोन रिळांत ताण वेगळा पडतो. अर्ध्यावर कॅसेट ठेवण्याची सवय सर्वत्र आहे आणि ती वाईट आहे.

पाठीवरची रेकॉर्डिंगची प्लास्टिकची कडी मोडलेली नसेल तर मोडा, म्हणजे चुकून वर काही रेकॉर्ड होणार नाही. मग कॅसेट केसमध्ये, पुस्तकासारखी उभी, आणि भरलेलं रीळ खाली येईल अशी. आडवी ठेवली तर टेपचा सगळा भार खालच्या कडेवर येतो आणि ती कड दुमडते. व्हीएचएसमध्ये एका कडेला साध्या आवाजाचा ट्रॅक असतो आणि दुसऱ्या कडेला टेपचा वेग सांभाळणारा कंट्रोल ट्रॅक. म्हणजे कड गेली की आवाज तरी जातो नाहीतर चित्र नाचायला लागतं. लेबलवर वर्ष आणि प्रसंग पेन्सिलीने किंवा न पसरणाऱ्या शाईने लिहा. अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून आलेल्या कॅसेटी बडोद्यात पुष्कळ घरांत आहेत. त्या तिकडच्या एनटीएससी चित्रपद्धतीच्या असतात, साध्या पाल मशीनवर नीट चालत नाहीत. लेबलवर तेही लिहून ठेवा, नाहीतर कोणीतरी ‘खराब झाली’ म्हणून टाकून देईल.

बुरशीची कॅसेट पेटीत ठेवली तर काय होतं, हा प्रश्न नेहमी येतो. ४० टक्क्यांवर बुरशी वाढायची थांबते, पण मरत नाही, आणि तिची पूड इतर केसांवर बसते. त्यामुळे अशा कॅसेटी वेगळ्या झिपच्या पिशवीत, ओलावा शोषणाऱ्या पुडीसकट, पेटीबाहेर ठेवाव्यात आणि सफाई करणाऱ्याकडे द्याव्यात. स्वतः उघडायची असेल तर एन९५ मास्क आणि हातमोजे घालून, गच्चीत किंवा गॅलरीत. कवचाला खालून पाच स्क्रू असतात आणि आत बारीक स्प्रिंग उडून जाते, म्हणून उघडण्याआधी मोबाइलवर फोटो काढावा. पण ज्याने कधी उघडली नाही त्याने घरच्या लग्नाच्या कॅसेटवर सराव करू नये, एखादी निरुपयोगी कॅसेट घ्यावी.

आता पेटीची मोठी मर्यादा, उष्णता. पेटी हवा कोरडी करते, थंड करत नाही. उलट यंत्राच्या उबेने आतलं तापमान खोलीपेक्षा एखाद्या अंशाने जास्तच असतं. टेप जपणारी संग्रहालयं तापमान साधारण १८ ते २० अंशांवर ठेवतात. बडोद्यात मे महिन्यात बाहेर ४० च्या वर असतं आणि स्लॅबखालच्या खोलीत रात्रीसुद्धा उतरत नाही. थर तुटण्याची रासायनिक क्रिया उष्णतेने वाढते. ढोबळ नियम असा की दर १० अंशांना वेग दुपटीच्या आसपास जातो. म्हणजे पेटी कुठे ठेवली याला पेटीइतकंच महत्त्व आहे. माळा नको, गच्चीवरची खोली नको, पश्चिमेची भिंत नको, स्वयंपाकघर तर नकोच. घराच्या मधली, ऊन न लागणारी खोली घ्या. एसीची खोली असेल तर उत्तम, पण एसी रोज चालू-बंद होणारा असेल तर पेटी थेट झोताखाली नको. फ्रिजमध्ये कॅसेटी ठेवण्याचा सल्ला कुठे वाचला असेल तर तो विसरा. ८ अंशांच्या खाली टेपमधलं वंगण बाहेर येऊ शकतं.

आणि जमिनीवर ठेवू नका. विश्वामित्री नदीचं पाणी जुलै २०१९च्या अखेरीस आणि पुन्हा ऑगस्ट २०२४ मध्ये शहराच्या किती भागांत शिरलं ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. तळमजल्यावर पेटी ठेवायची तर छातीच्या उंचीवर, भिंतीत पक्क्या बसवलेल्या फळीवर. वीस कॅसेटींसकट ३० लिटरची पेटी बरीच जड होते, साधे ब्रॅकेट चालणार नाहीत. पुराच्या दिवसांत वीज जाते, पण दार उघडलं नाही तर चांगल्या रबरी पट्टीची पेटी काही तास सहज धरून ठेवते. त्या काळात आत काय चाललंय ते बघायला दार उघडू नका. एकदा उघडून बंद केलं की आकडा पुन्हा खाली यायला चांगलाच वेळ लागतो.

पुराच्या पाण्यात भिजलेली कॅसेट पेटीत ठेवणं ही सर्रास होणारी चूक आहे. रिळात अडकलेलं पाणी पेटी काढू शकत नाही, उलट गाळ टेपवर वाळून पक्का चिकटतो. गाळ वाळण्याआधी कॅसेट स्वच्छ थंड पाण्याने धुवायची, शेवटी डिस्टिल्ड वॉटरने, मग पंख्याखाली सावलीत. उन्हात नाही, हेअर ड्रायर नाही. धुतल्यावर शक्यतो रीळ नव्या कवचात बदलून घ्यायचं आणि त्यानंतरच मशीनचा विचार.

पेटी न घेता चालेल का? पंधराच्या आत कॅसेटी असतील तर आमच्या मते चालेल. चारही बाजूंना क्लिप आणि झाकणात सिलिकॉनची कड असलेला स्वयंपाकघरातला प्लास्टिकचा डबा घ्या. दहा कॅसेटींच्या डब्यात २०० ते २५० ग्रॅम सिलिका जेल, नारंगी रंगाचं. निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं, ते लहान मुलांच्या घरात नको. दाणे सुटे नकोत, कापडी पुरचुंडीत हवेत, कारण त्यांची धूळ टेपला घासते. आत हायग्रोमीटर ठेवायचा. दाण्यांचा रंग बदलला की ११० ते १२० अंशांवर ओव्हनमध्ये दोन-तीन तास तापवून, पूर्ण गार करून परत ठेवायचे. पावसाळ्यात हे दोन-तीनदा करावं लागेल. ज्याच्याकडून हे होणार नाही त्याने पेटी घ्यावी. पेटीचा खरा फायदा हाच आहे की ती कोणाच्या आठवणीवर अवलंबून नाही.

पेटी घेतली तरी कॅसेटी डिजिटल करून घेणं लांबवू नका. व्हीसीआर बनवणारी जगातली शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, हिने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. चालू मशीन आणि ते दुरुस्त करणारा माणूस हे दोन्ही टेपच्या आधी संपणार आहेत. पेटीतून काढलेली कॅसेट डिजिटल करणाऱ्याकडे नेताना केससकट झिपच्या पिशवीत घाला, आणि थंड खोलीतून आली असेल तर पिशवी न उघडता काही तास तिथल्या हवेत राहू द्या. गार टेपवर दमट हवा लागली की तिच्यावर दव धरतं, आणि ओली टेप ड्रमला चिकटते.

दुकानात चार गोष्टी विचारा. यंत्र पेल्टियर आहे की शोषक दाण्यांचं, ते बिघडलं तर सुटं मिळतं का, रबरी पट्टी बदलून मिळते का, आणि वॉरंटी पेटीवर आहे की यंत्रावरही. पट्टी तपासायला कागदाची एक पट्टी दारात धरून दार बंद करा आणि ओढा. चारही बाजूंना ती अडकली पाहिजे. एका कोपऱ्यातून जरी सहज सुटली तरी ती पेटी घेऊ नका, दुसरी उघडायला सांगा.